कुलदैवताला निघण्यापूर्वी : नकाशा आणि उपग्रहचित्रे कशी पाहावीत

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे इंदुरात कुलदैवताच्या प्रवासाचे बेत सुरू होतात. कुणाकडे नवे लग्न झालेले असते, कुणाकडे मुंज, कुणाचा नवस फेडायचा राहिलेला असतो. देव मात्र दूर. कुणाचा खंडोबा जेजुरीला, कुणाची भवानी तुळजापूरला, कुणाची रेणुका माहूरला, कुणाचा जोतिबा कोल्हापूरजवळ, तर कुणाचा व्याडेश्वर थेट गुहागरच्या समुद्रकिनारी. तीन-चार पिढ्या माळव्यात गेल्यामुळे त्या गावात हक्काने उतरावे असे घर बहुतेकांना उरलेले नाही. आणि बरोबर ऐंशीच्या घरातल्या आजी असतात. त्यांना न्यायचे की नाही, यावर घरात चार दिवस चर्चा होते आणि शेवटी "उगाच हाल नकोत" म्हणून त्यांना घरी ठेवले जाते.

पुष्कळदा हा निर्णय केवळ अंदाजाने घेतलेला असतो. गुगल मॅप्स आणि गुगल अर्थ २००५ साली आले, आपल्या इस्रोचे 'भुवन' २००९ साली आले. घरबसल्या देवळाच्या दारापर्यंत पाहण्याची सोय होऊन आता बराच काळ लोटला. तरी आपण त्यांचा उपयोग गाडी चालू झाल्यावर "पुढे डावीकडे वळा" एवढ्यापुरताच करतो. खरा उपयोग निघण्याआधी पंधरा दिवस, घरी मोठ्या पडद्यावर, सगळ्यांनी मिळून पाहण्यात आहे. मात्र हे चित्र काय सांगते आणि काय सांगत नाही, हे माहीत हवे. जागा ते उत्तम सांगते. उंची, पाणी, ऋतू आणि नाव या चार बाबतींत ते हमखास चकवते. उदाहरणासाठी गुहागर, वेळणेश्वर, हेदवी हा टापू घेऊ, कारण चारही चकवे तिथे एकत्र भेटतात.

आधी गाव कोणते ते ठरवा

आडनावावरून किंवा आजोबांच्या वहीवरून गाव शोधायला बसलात की पहिला गोंधळ नावाचा. वडगाव, पिंपळगाव, कासारवाडी अशा नावाची गावे महाराष्ट्रात किती असतील याची गणतीच नको. शोधपट्टीत नुसते नाव टाकले तर नकाशा त्याच्या मनाला येईल ते गाव दाखवतो, आणि आपण ते आपलेच समजून हॉटेल आरक्षित करतो. म्हणून गावाबरोबर तालुका लिहावा. इंग्रजीत सापडले नाही तर देवनागरीत लिहून पाहावे, कारण इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक नकाशावर वेगळे असते. शेजारची दोन गावे घरात कुणाला आठवत असतील तर तीही नकाशावर आजूबाजूला आहेत का ते बघावे. तिन्ही जुळली तर गाव तेच.

जुन्या कागदांवरचे जिल्हे आता तसेच राहिलेले नाहीत. आजोबांनी "मालवण, जिल्हा रत्नागिरी" लिहिले असेल तर ते बरोबरच होते. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला. कुलाबा जिल्हा त्याच वर्षी रायगड झाला, आणि तुळजापूर आता नकाशावर धाराशिव जिल्ह्यात दिसेल.

गोव्याशी नाते असलेल्या घरांसाठी आणखी एक गाठ आहे. आडनावातले किंवा देवाच्या नावातले गाव आणि देवाचे आजचे ठिकाण वेगळे असू शकते. पोर्तुगिजांच्या काळात मंगेश कुठ्ठाळीहून १५६० साली प्रियोळला नेला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. अंतर मोजायच्या साधनाने कुठ्ठाळी आणि मंगेशी यांच्यामध्ये रेघ ओढून पाहा. सरळ रेषेत दहा किलोमीटरसुद्धा भरत नाहीत, पण मध्ये जुवारी नदी आहे. नदीपलीकडे पोर्तुगिजांची सत्ता तेव्हा नव्हती. देव रातोरात का हलवले आणि नेमके तिथेच का नेले, हे एवढ्या रेघेवरून मुलांना जितके कळते तितके सांगून कळत नाही.

गुहागरच्या बाजूलाही नावाची एक गंमत आहे. एन्रॉनमुळे गाजलेला 'दाभोळ प्रकल्प' दाभोळ गावात नाही. दाभोळ वाशिष्ठीच्या खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिणेला, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलजवळ. उपग्रहचित्रात त्याच्या मोठ्या गोल टाक्या लगेच डोळ्यांत भरतात. त्यांच्याच बाजूला खाडीच्या तोंडावर गोपाळगड आहे. त्याची तटबंदी आणि जमिनीकडचा खंदक वरून स्पष्ट ओळखू येतो.

वरून सगळे सपाट दिसते

गाव सापडले की मुख्य प्रश्न चढाचा. सरळ वरून घेतलेल्या चित्रात डोंगर आणि मैदान यांत फरक कळत नाही. त्यातही एक फसवणूक आहे, ती फार जणांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडची स्वच्छ उपग्रहचित्रे बहुधा हिवाळ्या-उन्हाळ्यातली आणि सकाळच्या वेळेची असतात. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून सावल्या वायव्येला पडतात. नकाशात उत्तर वर असल्यामुळे उजेड चित्राच्या खालच्या बाजूने आल्यासारखा होतो, आणि आपल्या डोळ्यांना सवय उजेड वरून येण्याची. परिणाम असा की सह्याद्रीतल्या दऱ्या उंचवट्यासारख्या आणि डोंगराच्या धारा खोलगट दिसतात. असे झाले तर चित्र फिरवून दक्षिण वर करावी, किंवा नदी शोधावी. नदी जिथे आहे तीच दरी.

उंचीसाठी 'टेरेन' हा थर चालू करा. त्यावरच्या समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र. गुगल अर्थमध्ये चित्र तिरपे करून पाहता येते, पण तिथले कडे मऊ, वितळलेल्या गुळासारखे दिसतात. त्यामागची उंचीची माहिती ठरावीक अंतरावरच्या बिंदूंची असते आणि मधला भाग गणिताने भरलेला असतो. म्हणून घाट तिथे दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात अधिक उभा असतो. कराड-पाटणकडून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली घाट घ्या. माथा सुमारे ६०० मीटर उंच आणि चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला. ही सगळी उतरण थोड्या अंतरात आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी इथे दुपारच्या जेवणाची वेळ कुठे येते ते आधीच पाहून ठेवावे.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नाहीत. हा विभाग १७६७ पासूनचा. त्याचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आता नोंदणी करून संगणकावर उतरवून घेता येतात. दिसायला जुनाट, पण समोच्च रेषा, विहीर, देऊळ, पायवाट यांच्या खुणा त्यांत नीट असतात. वहीत सापडलेली एखादी वाडी गुगलवर नसली तरी तिथे असू शकते.

आजींचा प्रश्न पायऱ्यांचा. पायऱ्या वरून मोजता येत नाहीत, फार तर पांढुरकी रेघ दिसते. पण हिशेब करता येतो. गुगल अर्थमध्ये कर्सर पायथ्याशी ठेवा, उंची लिहून घ्या. मग देवळाशी ठेवा. एक पायरी साधारण सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर धरली तर ३० मीटरच्या चढाला २०० पायऱ्या होतात. या उंचीत काही मीटरची चूक असू शकते, त्यामुळे १८० की २२० हे विचारू नये. पण वीस की दोनशे, हे नक्की कळते. त्यानंतर लोकांनी टाकलेली छायाचित्रे पाहावीत. देवाचे फोटो सोडून द्या. ज्यात कोपऱ्यात का होईना पायऱ्या, कठडा, चपलांची जागा, गाड्यांचा तळ दिसतो ते पाहा, आणि फोटोची तारीखही पाहा.

आपल्या टापूत हा हिशेब बरा निघतो. व्याडेश्वर गुहागर गावातच, सपाटीवर आहे. वेळणेश्वरचे देऊळ किनाऱ्यालगत, माडांच्या बनाशेजारी. हेदवीचा दशभुज गणपती मात्र टेकडीवर आहे, तिथे गाडी कुठपर्यंत जाते ते विचारून घ्यावे. म्हणजे आजींना व्याडेश्वर आणि वेळणेश्वर निश्चित, हेदवीचे तिथे गेल्यावर ठरवू, असा बेत इंदुरात बसूनच करता येतो. सप्तशृंगीला जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की वणीच्या गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. चित्रात तिचा मार्ग दिसेल. ती त्या दिवशी चालू आहे का, हे मात्र फोननेच कळेल.

कोकणातले रस्ते वरून पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. किनाऱ्याची गावे खाली, आणि रस्ता बराचसा वरच्या सड्यावरून जातो. चित्रात तपकिरी, उघडेबोडके पठार दिसते तो सडा. त्याच्या कडेला जिथे हिरवा पट्टा सुरू होतो तिथे रस्ता वेडीवाकडी वळणे घेत उतरतो. त्या हिरव्या पट्ट्यात नारळ-सुपारीच्या वाड्या, आणि घरे त्या झाडांच्या खाली. आपल्याला चित्रात "गाव कुठे आहे?" असा प्रश्न पडतो, कारण वरून फक्त झाडांचे शेंडे दिसतात, मधूनच एखादे कौलारू छप्पर. दोन वाड्यांमधली चिऱ्यांची पाखाडी तर दिसणारच नाही. मुक्कामाच्या घराच्या वर्णनात "समुद्रापासून पाच मिनिटे" लिहिलेले असेल तर ती पाच मिनिटे पाखाडीवरून चढउताराची आहेत का, हे घरमालकांना स्पष्ट विचारावे.

पाणी : फेरीबोट, भरती आणि पूर

नकाशात गुहागरहून गणपतीपुळे बोटभर अंतरावर दिसते. मध्ये शास्त्री नदीची खाडी आहे. ती ओलांडायला तवसाळ-जयगड फेरीबोट. नाहीतर आत भातगावच्या पुलापर्यंत जाऊन वळसा. तसेच दापोलीकडून येणाऱ्यांना दाभोळ-धोपावे फेरीबोट, नाहीतर खेड-चिपळूण असा मोठा फेरा. गाड्या बोटीवर चढवता येतात, आणि ज्यांनी आयुष्यात कधी खाडी पाहिली नाही त्या आपल्या मुलांना तर देवदर्शनाइतकाच हा भाग आवडतो.

गंमत इथपर्यंतच. गुगल मॅप्स मार्ग आखताना फेरीबोट रस्त्यासारखीच धरतो आणि पाण्यावर तुटक रेघ काढतो. शेवटची बोट सुटली आहे, हवामानामुळे ती आज बंद आहे किंवा गाड्यांची रांग मोठी आहे, हे त्याला दरवेळी ठाऊक असतेच असे नाही. रात्री आठ वाजता, दमलेली मंडळी गाडीत आणि समोर काळोखी खाडी, असा प्रसंग नको असेल तर मार्ग दोनदा काढून पाहावा : एकदा नेहमीसारखा, आणि एकदा 'फेरी टाळा' हा पर्याय निवडून. दोन्ही वेळांमधला फरक कागदावर लिहून ठेवावा. बोट चुकली तर किती तासांचा भुर्दंड, ते त्यावरून कळते. धक्क्यावरचा फोन नंबर आदल्या दिवशी लावून वेळ विचारावी. पावसाळ्यात तर अवश्य.

किनाऱ्याचे चित्र म्हणजे एका क्षणाची भरती-ओहोटी. चित्रात रुंद वाळू दिसते, तुम्ही पोचता तेव्हा पाणी वाडीच्या कुंपणाजवळ आलेले असते. यासाठी आपल्या घरातले साधन आहे, भिंतीवरचे कॅलेंडर. कोकणात जुना ढोबळ ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. तिथी शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी. पण सहल सकाळी ठेवायची की संध्याकाळी, एवढे यावरून ठरते. हेदवीच्या किनाऱ्यावर बामणघळ म्हणून खडकात अरुंद भेग आहे. भरतीला लाट तिच्यात घुसून उंच फवारा उडतो, ओहोटीला गेलात तर नुसती भेग पाहून परत यावे लागेल. फवारा लांबूनच पाहावा, तिथले खडक निसरडे असतात.

मुलांबद्दल एक सांगितलेच पाहिजे. आपल्या मुलांना पोहता येते ते तरणतलावात. उपग्रहचित्रात किनाऱ्यालगत फेसाचे पांढरे पट्टे दिसतात आणि मध्येच एखादी गडद, शांत पट्टी दिसते. ती जागा सुरक्षित वाटते, पण तिथूनच पाणी वेगाने समुद्रात परत ओढले जात असण्याची शक्यता असते. शिवाय या जागा बदलतात, त्यामुळे चित्र पाहून "इथे पोहू" हे ठरवूच नये. गावातल्या कोळ्यांना विचारावे आणि ते नाही म्हणाले तर वाद घालू नये.

पावसाळ्यात जाणार असाल तर मुक्काम कुठे घेता याकडे लक्ष द्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. नकाशावर बाजार, बसस्थानक, नदी सगळे जवळजवळ आणि सोयीचे दिसते. पण ही सोय नदीच्या पातळीवरची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मुक्काम उंचावरचा बघावा.

चित्र कधीचे आहे?

आपण जे पाहतो ते आजचे नसते. गुगल अर्थमध्ये चित्राची तारीख पडद्याच्या खालच्या कडेला दिसते, आणि जुनी चित्रे पाहण्याचीही सोय आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची कामे वर्षानुवर्षे चालली. त्या पट्ट्यातली दोन-तीन वर्षांपूर्वीची आणि अलीकडची चित्रे शेजारी ठेवून पाहिली तर उड्डाणपूल, वळणरस्ते, कापलेले डोंगर सगळे बदललेले दिसतात. अगदी अलीकडचे चित्र हवे असेल तर युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातल्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे मोफत पाहता येतात. साधारण पाच दिवसांनी नवे चित्र मिळते, पण त्यातला एक ठिपका १० मीटरचा असतो. घर दिसणार नाही. नदीला पाणी किती आहे, सडा हिरवा आहे की वाळलेला, एवढे दिसेल.

ऋतूचा चकवा यातूनच येतो. पावसाळ्यात ढग असल्यामुळे जमीन दिसत नाही, म्हणून नकाशांसाठी निवडलेली चित्रे बहुधा कोरड्या महिन्यांची असतात. त्यांत कोकण करपलेले, तांबूस दिसते आणि मुले विचारतात, "हेच का ते हिरवे कोकण?" श्रावणात तोच सडा गुडघाभर गवताने झाकलेला असतो. उलट, पावसाळ्यातले धबधब्यांचे फोटो पाहून मे महिन्यात जाणाऱ्यांना कोरडा कडा पाहावा लागतो.

रस्त्याच्या पातळीवरून पाहण्याची सोय, म्हणजे स्ट्रीट व्ह्यू, भारतात २०२२ साली आधी दहा शहरांत सुरू झाली. त्यांत पुणे, नाशिक आणि आपल्या बडोदेकरांचे शहरही होते. तुमच्या गावाच्या रस्त्यावर पिवळा माणूस नेऊन ठेवा. निळी रेघ उमटली तर देवळाच्या वळणापर्यंत बसल्या जागी जाऊन येता येईल. आजींना हे जरूर दाखवावे. आधीच पाहिले तर जाण्याची मजा जाते असे काहींचे म्हणणे असते. आमच्या समाजातल्या वडीलधाऱ्यांचा अनुभव मात्र वेगळा आहे. वळण, वडाचा पार, देवळाची दीपमाळ आधी ओळखीची झाली की त्यांची भीती कमी होते आणि "मी येते" हे त्या स्वतःहून म्हणतात.

निघण्याच्या आदल्या रात्री त्या टापूचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा. खाडीकाठी आणि घाटात नेटवर्क जाते. देवळाच्या जागेची खूण नकाशावर कुणीही टाकू शकतो, ती शेजारच्या वाडीतल्या देवळावरही पडलेली असू शकते. म्हणून गुरुजींना फोन करून त्यांच्याकडूनच व्हॉट्सअॅपवर जागा मागवावी आणि आपल्या खुणेशी ताडून पाहावी. फोनवरच अभिषेकाची वेळ, नैवेद्य आदल्या दिवशी सांगावा लागतो का, आणि सोवळ्याचे काही नियम आहेत का, हेही विचारून घ्यावे.